प्रतिसाद : शाळेनंतरची वर्षे लिहिताना साल कसे पक्के करायचे

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायचाय, पण सालं जुळत नाहीत, काय करायचं, असा प्रश्न आलाय. आधी शाळा सोडल्याचा दाखला काढा. त्यात जनरल रजिस्टरचा क्रमांक, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता आणि सोडण्याचं कारण असतं. (कारणाचा रकाना कधी कधी अख्ख्या लेखापेक्षा बोलका असतो!) मात्र दाखल्यावरची जन्मतारीख खरीच असेल असं नाही. पूर्वी गुरुजी अंदाजाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. तिच्यावरून वय मोजलं की पुढचं सगळं घसरतं.

मोठी गफलत होते ती मॅट्रिकच्या सालात. मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची (आधी मॅट्रिक अकरावीला असायची) आणि नव्या दहावीची अशा दोन्ही तुकड्या एस.एस.सी.ला बसल्या. त्यामुळे 'आमची बॅच ७५ ची' एवढंच लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. अकरावी की दहावी ते लिहा.

मधली वर्षं लावायला ठळक खुणा घ्या : पानशेत धरणफुटी १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. नोकरी, लग्न, बदली 'त्याच्या आधी की नंतर' एवढं आठवलं तरी पुरतं.

लेख ६०० शब्दांत बसवा आणि युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर छापखान्यात उघडला की जोडाक्षरं फुटतात. फोटो मोबाइलवर न काढता ६०० डीपीआयला स्कॅन करा, नावं डावीकडून क्रमाने द्या.