मदत हवी आहे: बाबांचं गजकर्ण टर्बिनाफिनला दाद देत नाही, बुरशीचं कल्चर कुठे करून मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना गेल्या पावसाळ्यापासून गजकर्णाने अगदी हैराण केलंय. सुरुवात जांघेत झाली, मग कमरेभोवती करदोड्याच्या रेषेत पट्टा उमटला आणि आता पाठीवर तळहाताएवढे चट्टे आहेत. कड लाल, उचललेली, बारीक पुरळ असलेली. मधला भाग जवळजवळ साफ. वय ५८. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा आणि दमट हवा, पाळी संपेपर्यंत बनियन अंगाला चिकटलेला. रात्री खाजेने झोप नाही. लोकांसमोर हात कमरेकडे जातो म्हणून लग्नकार्याला यायचंही टाळतात. त्यांचे हाल बघवत नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

आधी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली. त्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि बुरशीवरचं टर्बिनाफिन अशी चार नावं. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. त्याने खाज आणि लाली झटक्यात गेली, कारण त्वचेचा प्रतिकारच दबला. बुरशी मात्र वाढत राहिली. मलम थांबवल्यावर चट्टे दुप्पट झाले. अशी ट्यूब सर्रास हातात ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पुढे फॅमिली डॉक्टरांनी टर्बिनाफिन २५० ची गोळी आणि ल्युलिकोनाझोलचं मलम दिलं. बाबांनी एकही गोळी चुकवली नाही, तरी फरक नाही. आता स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध सुचवलंय.

मी थोडं वाचलं. भारतात सध्या पसरलेल्या या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. ज्या नमुन्यांवरून ते दिलं, ते जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. बुरशीला आपल्या पेशीच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवणाऱ्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) टर्बिनाफिन अडवतं. या बुरशीच्या बऱ्याच नमुन्यांत त्या विकराच्या ३९३ किंवा ३९७ व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं सापडतं, म्हणून औषध तिथे नीट बसत नाही. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या २०० रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. ८ आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले: इट्राकोनाझोलवर ६६ टक्के, फ्लुकोनाझोलवर ४२, टर्बिनाफिनवर २८ आणि ग्रिसिओफुल्विनवर १४. म्हणजे सगळ्यात चांगल्या औषधावरही तिघांतला एक जण तेवढ्या मुदतीत बरा झाला नव्हता. हे वाचून धीर सुटल्यासारखं झालं.

तर विचारायचं हे, की कोल्हापूर-सांगली भागात बुरशीचं कल्चर (म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं) आणि कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी कुठे होते? आणि बाबांना बीपीसाठी अमलोडिपिन, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोज सकाळी पॅन्टोप्राझोल चालू आहे. त्यांच्याबरोबर इट्राकोनाझोल चालेल का?

सूक्ष्मदर्शी: ताई, मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो. आधी केओएच तपासणी करून घ्या. चट्ट्याच्या कडेचे कोंड्यासारखे पापुद्रे बोथट पात्याने खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू दिसतात. स्वस्त आहे, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. नमुना मधून नाही, कडेवरूनच घ्यायला सांगा; जिवंत बुरशी तिथेच असते. कल्चरला मात्र ४ आठवडेही लागू शकतात. मिरज आणि कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत, तिथे आधी चौकशी करा. औषधांची तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, ती पुढे पाठवता येईल का हेही विचारा. पण त्या रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवू नका. टर्बिनाफिन नीट घेऊनही फरक नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी औषध बदललं हे योग्यच केलं.

औषधवाला_सातारा: फार्मासिस्ट म्हणून सांगतो, तुमचा दुसरा प्रश्न जास्त तातडीचा आहे. तिन्ही गोळ्यांचा इट्राकोनाझोलशी संबंध येतो. अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. डॉक्टर ती काही काळ थांबवतात किंवा बदलून देतात. अमलोडिपिनचा परिणामही वाढतो, पायांवर सूज येते का बघा. पॅन्टोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी होतं, आणि इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल आम्ल असल्याशिवाय नीट शोषली जात नाही. ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. सुपर-बायोअव्हेलेबल (शरीरात जास्त शोषल्या जाणाऱ्या) प्रकाराला ही अडचण कमी, पण त्याचे मिलिग्रॅम वेगळे असतात, म्हणून दुकानात परस्पर बदलून घेऊ नका. बाबांचं हृदय कमजोर असल्याचं कधी निदान झालं असेल तर ते आधी सांगा. अशा रुग्णाला त्वचेच्या बुरशीसाठी हे औषध देत नाहीत. लिव्हरची तपासणी सुरुवातीला करून घ्या. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

रेवा_प: माझ्या नवऱ्याचं असंच होतं, आता पूर्ण बरं आहे. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी करदोडा काढायला लावला. ओला दोरा सतत कातडीवर घासतो आणि बुरशी त्यातच राहते. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. बाबांचे कपडे आणि पंचा वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, इस्त्री फिरवा. चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवा. आमच्याकडे पहिल्यांदा ते तिथेच उलटलं होतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, सगळ्या स्ट्रिप्स घेऊन. करदोडा बाबांनी आजच काढला. आईच्या काखेजवळही एक लहान गोल चट्टा आजच दिसला. तिचा नमुनाही त्याच वेळी देता येईल का?

सूक्ष्मदर्शी: हो, नक्की द्या. नमुने दोघांचे वेगळे, पाकिटावर नाव आणि जागा लिहून. आणि सोमवारपर्यंत आईंच्या चट्ट्यावर कुठलंच मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही तपासणीत दिसणार नाही.