पर्याय मुळात फोन बनवणाऱ्यांनाच नव्हता

फोनवर गूगलची सक्ती होते का, या वादात कुणीतरी म्हणालं, 'अँड्रॉइड खुलं आहे, एखाद्या फोन कंपनीला गूगल नको असेल तर तिनं वेगळं काढावं, गिऱ्हाईक काय ते ठरवेल'. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. मूळ कोड कुणीही घेऊ शकतं, हे खरं. पण प्ले स्टोअर त्यात येत नाही, त्यासाठी गूगलशी वेगळा करार करावा लागतो. आणि खरी मेख त्या करारांत होती: कंपनीनं एका जरी मॉडेलवर अँड्रॉइडची गूगलला मान्य नसलेली आवृत्ती टाकली, तरी तिच्या बाकी सगळ्या फोनांचं प्ले स्टोअर धोक्यात. फायर ओएसवर, म्हणजे ॲमेझॉननं अँड्रॉइडच्याच कोडवरून बनवलेल्या वेगळ्या आवृत्तीवर, फोन काढण्यापासून बऱ्याच मोठ्या कंपन्या यामुळेच अडल्या, असं युरोपीय आयोगानं २०१८च्या निर्णयात नोंदवलंय. दुकानात आलंच नाही ते गिऱ्हाईक निवडणार कसं?

आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडवरून गूगलला केलेला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड सगळ्यांच्या लक्षात आहे. पण आधीपासून भरलेली गूगलची ॲप ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत, असंही त्याच आदेशात होतं. अपील न्यायाधिकरणानं मार्च २०२३मध्ये दंड कायम ठेवला आणि हा निर्देश मात्र रद्द केला. मला याचंच जास्त वाईट वाटतं. दंड सरकारी तिजोरीत जातो. स्वस्तातल्या फोनवर जागा पुरेना म्हणून घरचे फोटो पुसत बसणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. कधी न उघडलेली ॲप तो फार तर बंद करू शकतो, जागा ती अडवतातच.