टॉम विल्स: पत्राच्या पलीकडचा माणूस

असं म्हणतात की ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू टॉम विल्सने हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे हातपाय चालू राहावेत म्हणून एक पत्र लिहिलं आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल (आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा खेळ) सुरू झाला. १० जुलै १८५८चं ते पत्र खरंच, पण गडी नुसता पत्र लिहून थांबला नाही. मे १८५९मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबचे नियम ठरवणाऱ्या मोजक्या मंडळींत तो होता आणि पुढे जिलाँग क्लबकडून बरीच वर्षं स्वतः खेळला. शिकला होता इंग्लंडच्या रग्बी शाळेत.

मला मात्र चटका लावते ती पुढची हकीकत. ऑक्टोबर १८६१मध्ये क्वीन्सलंडमधल्या कलिन-ला-रिंगो इथे आदिवासींच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसह १९ जण मारले गेले. टॉम कामानिमित्त बाहेर होता म्हणून वाचला. आणि हाच माणूस पाच वर्षांनी आदिवासी क्रिकेट संघाला तयार करतो, १८६६च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबरला) त्यांना घेऊन मेलबर्नच्या मैदानावर उतरतो! लहानपणी तो आदिवासी मुलांत वाढला, त्यांची भाषा बोलायचा, हे इथे विसरून चालणार नाही. १८६८ला तो संघ इंग्लंडला गेला, पण कर्णधार चार्ल्स लॉरेन्स. विल्स मागेच राहिला.

पुढे दारूने पोखरला. १८८०मध्ये, ४४व्या वर्षी गेला.