फक्त काउंटवरून घाबरू नका
वर विचारलंय की ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी ५०,००० च्या वर होत्या म्हणजे मूल हाय रिस्कमध्येच, म्हणजे आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्या गटातच, गेलं का. बी-सेल एएलएलमध्ये (मुलांत जास्त दिसणारा ल्युकेमियाचा प्रकार) सुरुवातीला तसंच धरतात, वय १ ते १० च्या आत आणि काउंट ५०,००० च्या खाली असेल तर स्टँडर्ड रिस्क, पण ती नुसती पहिली चाळणी आहे हो, खरं काय ते पेशींच्या आत बघावं लागतं. ल्युकेमियाच्या पेशींत ४६ ऐवजी ५० पेक्षा जास्त क्रोमोसोम (गुणसूत्रं) असतील किंवा १२ आणि २१ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झाली असेल तर चांगलं, अशा पेशी केमोला छान दाद देतात. उलट ४४ पेक्षा कमी क्रोमोसोम किंवा तान्ह्या बाळात केएमटी२ए जीनमधला बदल हे अवघड प्रकरण. फिलाडेल्फिया क्रोमोसोमचं (९ आणि २२ नंबरच्या तुकड्यांची अदलाबदल) नाव काढलं की पूर्वी सगळे हबकायचे, त्या बदलावरच नेम धरणारं इमॅटिनिब हे औषध आल्यापासून तिथेही खूप फरक पडलाय.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलका रिपोर्ट म्हणजे इंडक्शननंतरचा, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्यानंतरचा एमआरडी (उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशी मोजणारी तपासणी). तो ०.०१ टक्क्याच्या खाली, म्हणजे दहा हजारात एकाहूनही कमी पेशी उरली असेल, तर खूपच दिलासा. सायटोजेनेटिक्सचा (क्रोमोसोमच्या तपासणीचा) रिपोर्ट आला का ते डॉक्टरांना उद्याच विचारा.