रात्रीच्या कार्यक्रमांचा परवाना: रद्द करावा की अटी घालून चालू ठेवावा?

बाणेरकर

आमच्या इमारतीच्या मागे, मधे फक्त एक रस्ता सोडून, एका हॉटेलच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी कार्यक्रमांची जागा सुरू झाली. वर ताडपत्रीचं सरकतं छप्पर, तीन बाजू उघड्या. लग्नाआधीचे संगीत, वाढदिवस, कधी लाइव्ह बँड, आणि शुक्रवार-शनिवार डीजे. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या बेडरूममध्ये गाण्याचे शब्द येत नाहीत, ठोका येतो. कपाटाचं दार थरथरतं. आई पंच्याहत्तरीची आहे, शनिवारी ती हॉलमध्ये गादी टाकून झोपते.

११२ ला फोन केला की पोलीस येतात, आवाज उतरतो. गाडी कोपऱ्यावरून वळली की अर्ध्या तासात पुन्हा चढतो. आता त्यांचा परवाना नूतनीकरणाला आलाय आणि रविवारच्या सभेत "नूतनीकरण करूच नये" असा अर्ज द्यायचा ठराव येणार आहे. मला हे टोकाचं वाटतं. परवाना राहू द्यावा, पण दहानंतर गच्चीवरचे स्पीकर बंद आणि पुढचा कार्यक्रम खालच्या बंदिस्त हॉलमध्ये, ही अट परवान्यातच लिहून घ्यावी. तुम्हाला काय वाटतं?

नियमानेच

तुम्ही जी अट मागताय ती आधीपासूनच कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त जागेत, तोही आतल्या लोकांपुरता. सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे. ताडपत्री ओढली म्हणून गच्ची बंदिस्त होत नाही. राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी. शनिवारचा डीजे हा सण नव्हे.

बरेच मालक सांगतात, "आमच्याकडे दीडपर्यंतचा परवाना आहे." तो मद्यविक्रीचा. दारू दीडपर्यंत देता येते म्हणून स्पीकरही दीडपर्यंत वाजवता येतो असं नाही. तीन वर्षं ज्याने नियम मोडला त्याला तोच नियम अट म्हणून पुन्हा लिहून देण्यात काय अर्थ आहे? रद्दच करा.

चार तारा

मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे ज्याची तक्रार आहे तोच आवाज माझा. दुसरी बाजू ऐका. या शहरात स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला उभं राहायला जागा किती? नाट्यगृहाचं भाडं आम्हाला परवडत नाही. उरतात अशा गच्च्या. ऐकणारा माणूस हिंजवडीतून सातला निघतो, आठ-साडेआठला घरी पोचतो, जेवून नऊला येतो. दहाला स्पीकर बंद म्हणजे आमच्या हातात एक तास. त्यात खर्चाचे पैसेही सुटत नाहीत.

आणि परवाना रद्द झाला की मालक दुसरा धंदा बघेल. वाढपी, स्वयंपाकघरातली पोरं, पार्किंगवाले, त्यांचं काय? शेवटचं विचारतो, राग मानू नका: तुमच्या सोसायटीत नवरात्रातला दांडिया किती वाजता थांबतो?

बाणेरकर

@चार तारा, राग नाही. गेल्या वर्षी साडेदहापर्यंत चालला होता. समोरच्या इमारतीतून फोन आल्यावर बंद केला. चूक आमचीच होती आणि मी ती सभेत मांडणार आहे. आपल्या अंगणातला स्पीकर गोड आणि दुसऱ्याचा कडू, असं करून आमच्या अर्जाला वजन राहणार नाही.

साउंडवाला

वीस वर्षं लग्नं आणि स्टेज शो करतोय. इथे सगळे वेळेवरून भांडताहेत, खरा प्रश्न बेसचा, म्हणजे ठोक्याच्या खालच्या सुरांचा आहे.

रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. खासगी जागेच्या हद्दीवर त्या-त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर ५ ने जास्त. हे आकडे 'ए' प्रकारच्या मोजणीचे. ही मोजणी माणसाच्या कानासारखी केलेली असते, म्हणून खालचे सूर ती कमी धरते. ६३ हर्ट्झला, म्हणजे डीजेचा ठोका जिथे असतो तिथे, सुमारे २६ डेसिबल वजा होतात. म्हणून अधिकारी मीटर धरतो, आकडा मर्यादेच्या आसपास दिसतो, तो निघून जातो, आणि तुमचं कपाट थरथरतच राहतं. दोघंही खोटं बोलत नसतात.

६३ हर्ट्झची लाट पाच मीटरहून लांब असते. ताडपत्री, पडदे, झाडांची कुंपणं तिला अडवत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण तुमच्यामधे रस्ताच एक, तिथे उतरायला अंतर कुठून आणणार?

करता येण्यासारखं बरंच आहे. सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर, अशा रचनेत मांडता येतात की मागच्या बाजूला बेस बराच कमी पडतो. सध्या बहुधा त्यांची तोंडं तुमच्याकडे असणार, कारण स्टेज गच्चीच्या रस्त्यापासून दूरच्या टोकाला ठेवला की पाहुण्यांना समोर दिवे छान दिसतात. लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र, बसवून त्याची किल्ली मालकाकडे ठेवायची, डीजेकडे नाही. बाहेरून आलेला डीजे पहिल्या तासात कानाने थकतो आणि आवाज चढवत नेतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. खालच्या हॉलला दोन दारं हवीत, मधे बोळ. एकच दार असेल तर वाढपी ट्रे घेऊन बाहेर पडला की ठोका रस्त्यावर. आणि परवान्यातल्या अटीत 'ए'सोबत 'सी' मोजणीचा आकडा लिहून घ्या, त्यात बेस दिसतो.

नियमानेच

@साउंडवाला, माहिती उत्तम. पण नियमातले आकडे 'ए'चेच आहेत. 'सी'ची अट मालक कोर्टात उडवून लावेल.

साउंडवाला

लादली तर उडवेल. नूतनीकरणाच्या वेळी त्याने स्वतः लेखी मान्य केली तर? त्या घटकेला त्यालाही परवाना हवा असतो. नंतर तुमच्या हाती काही राहत नाही.

मालकंस

मी सत्तरीचा आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, आणि आमच्या तरुणपणी तो रात्रभर चालायचा. पहाटेची भैरवी ऐकून, चहा पिऊन आम्ही पायी घरी जायचो. आता तो दुपारी सुरू करून दहाला संपवावा लागतो, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. मध्यरात्रीचे राग मध्यरात्री ऐकायला मिळत नाहीत याचं मला आजही दुःख आहे. सरसकट घड्याळ लावल्याने आपण काय गमावलं ते तरुणांनी समजून घ्यावं. या गच्चीवर जी मुलं वाजवतात, त्यांच्यातच उद्याचं कोणीतरी असेल.

वेंगुर्लेकर

काका, आमच्याकडे दशावतार रात्रभर चालायचा, आणि स्पीकरचं बंधन आल्यावर मंडळांचे हाल झाले, हे खरं. पण जत्रा गावाची असते. नाटक बघायला अख्खा गाव देवळासमोर बसलेला, घरी झोपायला कोणी उरतच नाही. वर्षातून एक रात्र. इथे दर शनिवारी चारशे पाहुणे बाहेरून येणार आणि जागणार शेजारचे. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

चार तारा

लंडनमध्ये २०२१ च्या शहर आराखड्यात एक तत्त्व घातलंय: जुन्या संगीताच्या जागेशेजारी जो नवीन इमारत बांधेल, आवाज अडवण्याचा खर्च त्याने करायचा. आपल्याकडे नदीकाठच्या लॉनशेजारी मागाहून टॉवर उभे राहतात, बिल्डर फ्लॅट विकून जातो आणि पाच वर्षांनी लॉनवाला गुन्हेगार ठरतो.

बाणेरकर

लॉनच्या बाबतीत पटतं. पण आमची इमारत २०१४ ची आणि गच्ची तीन वर्षांपूर्वीची. तुमच्याच तत्त्वाने खर्च गच्चीवाल्याचा.

चार तारा

हो, इथे त्याचाच. दोन दारं आणि लिमिटर त्यानेच बसवावेत. बंद हॉलमध्ये, मर्यादेत, बारापर्यंत वाजवायला मी आनंदाने तयार आहे. जागाच गेली तर मात्र कुठे जाऊ?

रातपाळी

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. शनिवारी दिवसपाळी करून आठला घरी येते आणि रविवारी पहाटे पाचला उठते. वरचं सगळं वाचलं. माझा एकच प्रश्न आहे: अटी पाळल्या जातात की नाही हे रात्री साडेअकराला उठून कोण बघणार? मीच ना? फोन मी करायचा, "तक्रार कोणाची" हे मालकाला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये त्याची माणसं माझ्याकडे बघत उभी. हे झालेलं आहे. तक्रारदाराचं नाव उघड करू नये असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना बजावलं, ते प्रत्यक्षात उतरायला हवं. तोपर्यंत माझी सही रद्द करण्याच्या अर्जावरच असेल.

साउंडवाला

ताई, म्हणूनच मीटर कायमचा बसवायचा, तुमच्या बाजूच्या हद्दीवर, खर्च त्याचा. दर मिनिटाची नोंद आपोआप साठते, ती पोलिसांना आणि सोसायटीला दिसायला हवी. मग फोन कोणालाच करावा लागत नाही.

रातपाळी

नोंद दिसली आणि कोणी काही केलंच नाही तर?

बाणेरकर

त्यासाठी असा मसुदा केलाय: नूतनीकरण पूर्ण मुदतीचं नको, तीन महिन्यांचं द्यावं. त्यात तीनदा मर्यादा ओलांडल्याची नोंद झाली तर पुढे नाही. गच्चीवर दहानंतर एकही स्पीकर नाही. लिमिटर, दोन दारं, हद्दीवर मीटर. आमच्या क्लबहाऊसलाही दहाची वेळ, हा ठराव त्याच सभेत.

@साउंडवाला, शनिवारी मीटर घेऊन याल का? आईच्या खोलीत खिडकी उघडी आणि बंद, दोन्ही मोजायचं आहे.

साउंडवाला

येतो. साडेदहाला खाली असेन. 'सी' लावूनच मोजू.

रातपाळी

मोजून झाल्यावर सातव्या मजल्यावरही या. मी जागीच असते.