घरात दिसतो, बाहेरून दिसत नाही: कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरची अडचण

गावभागकर (प्रश्न):

नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे. 2019 च्या महापुरानंतर आम्ही कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तळमजल्यावरून माडीवर नेला आणि तेव्हापासून तो विनातक्रार चालत होता. गेल्या आठवड्यात तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट बंद करून फायबर घेतले, जुना राउटर काढला आणि रेकॉर्डरची लॅनची तार नव्या राउटरला जोडली. तेव्हापासून टीव्हीवर चित्र येते, घरातील लॅपटॉपवर रेकॉर्डरचे पान उघडते, परंतु पुण्यातील मुलीच्या मोबाइलवर ॲप त्याला ‘ऑफलाइन’ म्हणते. घरातील बाकी सर्व उपकरणांवर इंटरनेट उत्तम आहे. जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने रेकॉर्डर बदलण्याचा सल्ला दिला. तो मला पटलेला नाही.

मेनूतील नोंदी अशा: आयपी 192.168.1.64, सबनेट मास्क 255.255.255.0, गेटवे (बाहेरच्या इंटरनेटकडे जाण्याचे दार) 192.168.1.254, डीएनएसही (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) 192.168.1.254. डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून पत्ता आपोआप घेण्याची सोय, बंद आहे.

तारवाला मिरज:

आपल्या नव्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळालेला नसावा. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला आहे, असे समजावे. तसे असल्यास कंपनीकडून स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) घ्यावा आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करावे, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी रेकॉर्डरकडे वळवावी.

कोयनाकाठ:

मिरजकरांनी सांगितलेली अडचण खरी असते, पण ती बाहेरून आत येणाऱ्या जोडणीची आहे. काकांचा रेकॉर्डर ॲपमधून दिसत होता, म्हणजे तो स्वतःच कंपनीच्या सर्व्हरकडे जोडणी उघडतो, आणि आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला वाटून घेतलेला पत्ता आड येत नाही. शिवाय रेकॉर्डर उघड्या पोर्टवर ठेवूच नये असे माझे मत आहे. 2016 मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंनी ताब्यात घेतले होते.

काका, मला आपल्या गेटवेचाच संशय आहे. 255.255.255.0 या मास्कमुळे, ज्या पत्त्याचे पहिले तीन आकडे आपल्यासारखे आहेत तो शेजारीच आहे असे रेकॉर्डर मानतो आणि त्याच्याशी थेट बोलतो. गावभागातल्या गावभागात निरोप द्यायला कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडावा लागत नाही, तसेच हे आहे. म्हणून लॅपटॉपवर पान उघडते. बाहेरच्या पत्त्यासाठी मात्र त्याला गेटवे लागतो, आणि त्याच्या जवळचा 192.168.1.254 हा पत्ता बहुधा आपण काढून ठेवलेल्या राउटरचा आहे.

लॅपटॉपवर वायफाय जोडणीचा तपशील उघडून तेथील डीफॉल्ट गेटवे पाहावा आणि तोच रेकॉर्डरमध्ये भरावा. डीएनएस तूर्त तसाच ठेवावा, कारण दोन्ही एकदम बदलले तर दोष नेमका कशात होता ते कळत नाही. नंतर रेकॉर्डरच्या नेटवर्क चाचणीतून आधी राउटरला आणि मग 8.8.8.8 ला (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहावे.

गावभागकर:

लॅपटॉपवर गेटवे 192.168.1.1 निघाला. तो भरल्यावर 8.8.8.8 कडून उत्तर येऊ लागले, पण ॲपवर अजून ऑफलाइनच आहे.

कोयनाकाठ:

म्हणजे रस्ता मोकळा झाला. ॲपच्या सर्व्हरचे नाव मात्र रेकॉर्डर अजून जुन्या राउटरलाच विचारत आहे, आणि तो तर कपाटात आहे. आता डीएनएसच्या पहिल्या रकान्यात 192.168.1.1 आणि दुसऱ्या रकान्यात 8.8.8.8 भरावे. तरीही काम झाले नाही, तर रेकॉर्डरची तारीख पाहावी. घड्याळ फार मागे असेल, तर सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही असे समजून रेकॉर्डर सुरक्षित जोडणी नाकारू शकतो.

गावभागकर:

डीएनएस बदलूनही ऑफलाइनच होते, म्हणून तारीख पाहिली, तर साल 2000! टीव्हीवर कोपऱ्यात ती आठवडाभर दिसत होती आणि घरात कोणाचेच लक्ष गेले नाही, याची थोडी लाज वाटली. तारीख हाताने दुरुस्त करून रेकॉर्डर पुन्हा चालू केला आणि पाचेक मिनिटांत मुलीचा फोन आला की अंगण दिसते आहे. पण घड्याळ मागे का गेले?

कोयनाकाठ:

आतील बटन सेल संपला असावा. राउटर बदलताना वीज बंद केली तेव्हा घड्याळ शून्यावर गेले असणार. पूर्वी वीज गेली तरी रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ घेत असे, म्हणून सेल संपल्याचे कळत नव्हते. या वेळी गेटवे आणि डीएनएस दोन्ही चुकल्यामुळे वेळेच्या सर्व्हरपर्यंतही तो पोहोचला नाही. मेनूत एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू आहे आणि टाइम झोन 5:30 आहे, एवढे पाहून घ्यावे. झोन चुकला तर ॲप चालेल, पण चित्रीकरणावरील वेळ चुकेल.

एक सूचना राहिली. नवा राउटर 192.168.1.64 हाच पत्ता उद्या एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊ शकतो. राउटरच्या डीएचसीपी विभागात हा पत्ता रेकॉर्डरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाचा ओळख क्रमांक) राखून ठेवावा आणि मग रेकॉर्डरमध्ये डीएचसीपी चालू करावे, म्हणजे पुढच्या वेळी राउटर बदलला तरी जुना गेटवे त्याच्यात अडकून राहणार नाही.

तारवाला मिरज:

माझा अंदाज चुकला, हे मान्य. सेल बहुधा सीआर 2032 असतो. झाकण उघडण्यापूर्वी वीज काढावी आणि जुन्या सेलवरचा क्रमांक पाहूनच नवा आणावा.

गावभागकर:

पत्ता राखून ठेवला. सेल उद्या आणतो.