विषय: शाळेच्या संगणकांवर टायपिंगचे कोणते गेम घालायचे?

प्रेषक: सभासद, मस्कत

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या शाळेसाठी जमवलेले संगणक पुढच्या महिन्यात निघतील. तिसरी-चौथीच्या मुलांना टायपिंग यावं म्हणून त्यांवर गेम घालून द्यायचं ठरलंय. ताई, तुम्ही या मुलांना जवळून बघता. काय घालू? मराठी तर सगळे रोमनमधूनच लिहितात, मग देवनागरी कीबोर्ड वेगळा शिकवायचा का?

---

प्रेषक: सभासद, साखळी

दादा, नमस्कार.

टक्स टायपिंग आणि जीकॉम्प्रि, दोन्ही घाला. फुकट आहेत, नेट लागत नाही. टक्स तर बऱ्याच जुन्या मशीनवरही लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालतो. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातले वापरलेले संगणक इथल्या शाळांत आणले, तेव्हाही लिनक्सच वापरलं होतं.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. कुठली कळ दाबली ते गेमला कळतं, कुठल्या बोटाने दाबली ते कळत नाही. टक्समध्ये वरून मासे पडतात, माशावरचं अक्षर दाबलं की पेंग्विन तो खातो. माझ्याकडे येणारा तिसरीतला एक मुलगा सगळे मासे उजव्या तर्जनीने पकडतो. डावा हात मांडीवर, मान खाली, आणि गुण भरपूर! ही सवय एकदा अंगवळणी पडली की मोडणं फार कठीण. म्हणून मी मुलांच्या हातांवर पंचा टाकते, वेग अगदी कमी ठेवते. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपून बोटं जागेवर ठेवल्याशिवाय गेम सुरू करू देत नाही. पंधरा मिनिटं पुरेत, पुढे मुलं पुन्हा खाली बघू लागतात.

देवनागरी शिकवायचाच, माझ्या मते सुरुवातच तिथून व्हावी. मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलाला बाराखडी येते, स्पेलिंग येत नाही. रोमनमधून 'बाळ' आणि 'बाल' वेगळे कसे लिहायचे, याचा तो अंदाजच करत बसतो. इनस्क्रिप्ट म्हणजे देवनागरी कीबोर्डची प्रमाण मांडणी, तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'रोप' लिहिताना उजवा, डावा, उजवा, आणि तिन्ही कळा मधल्या ओळीत. केर, पोट, टोक, चोर हेही तसेच. 'चोर' आला की वर्ग खिदळतो. आधी क, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग ष दाबला की क्ष उमटतो, म्हणजे जोडाक्षर कसं बनतं तेही मुलांना हाताने करून कळतं. शिवाय इथल्या मुलांना कोकणी आणि हिंदीही लिहायची असते. त्यालाही याच कळा.

यासाठी वेगळा गेम लागत नाही. विंडोज असो की लिनक्स, मराठी कीबोर्ड निवडता येतो. एकाने पुस्तकातला शब्द वाचायचा, दुसऱ्याने न बघता लिहायचा, मग अदलाबदल. मुलं हे माशांइतकंच मन लावून खेळतात.

कळांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर मात्र पाठवू नका. ते दिसले की नजर खालीच राहते. अक्षरांचा मोठा तक्ता छापून दिलात तर भिंतीवर लावू.

---

प्रेषक: सभासद, मस्कत

ताई, स्टिकरची ऑर्डर आजच रद्द करतो. तक्ता इथेच छापून संगणकांच्या खोक्यात घालतो. मधली ओळ वेगळ्या रंगात हवी का, तेवढं कळवा.

---

प्रेषक: सभासद, साखळी

हो दादा, मधली ओळ वेगळ्या रंगात हवीच. आणि गणेश चवथीच्या सुट्टीआधी खोकी पोचतील असं बघा, सुट्टीत मी सगळ्या मशीनवर गेम चालवून बघून ठेवते.